धने वाजले की उतरवा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटलं काम म्हणजे मसाला. ती ओसरीत बाजेवर पडून होती, मी अंगणात चुलीपुढे बसलो होतो आणि कढईत धने होते. बाजेवरून तिले कढई दिसत नव्हती. दिसायची गरजही नव्हती. ती कान देऊन होती.

"हलवून राहिले का नुसते पाहून राहिले?" तिनं विचारलं.

"हलवून राहिलो."

"मंग वाजत काहून नाही?"

धने भाजत आले म्हणजे वाजतात, हे मले तोवर ठाऊक नव्हतं. सारा जन्म तिच्या हातचा मसाला खाल्ला, पण धने वाजताना कधी ऐकले नाही. मी कान कढईजवळ नेला, धग लागली तसा मागे सरलो. तेवढ्यात वाजले. नव्या कोऱ्या लुगड्याची घडी उलगडताना खळ तडकते ना, तसा बारीक आवाज.

"वाजले," मी म्हटलं.

"मंग उतरवा जी! आता काय त्याइचं लगन लावता?"

मी उतरवले. मले त्या दिवशी एकच पाहिजे होतं. तिनं जेवावं. जास्त नाही, दोन घास. तिचं जेवण सुटलं होतं आणि घरातलं जो तो तिच्या तोंडापुढे वाटी धरून थकला होता. मी मनाशी धरून बसलो होतो, की ही जेवत नाही ती विकतच्या पुडीच्या मसाल्यापायी. हिचा मसाला हिले मिळाला की ही उठून बसेल आणि जेवेल.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. मग बापानं मागावर बसवलं. म्हणून जसं येतं तसं लिहितो. कोणाले गोड लागावं म्हणून लिहीत नाही.

आम्ही विणकर. नागपुरात तांडापेठेच्या अंगाले राहतो. घरात पुढे माग, मागे चूल, मधात एक भिंत, तीही अर्धी. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सुताचा धोटा फेकायचो, ती भिंतीपलीकडे भाकरी थापायची. धोट्याचा खटका आणि भाकरीची थाप एकमेकांत मिसळायची. थाप थांबली की मी समजायचो, जेवण तयार आहे. खटका थांबला की ती समजायची, धागा तुटला, आता हा शिव्या देणार.

मसाला ती वर्षातून एकदा करायची. थंडी सरत आली म्हणजे भिवापूरची मिरची उमरेडच्या रस्त्यानं गाड्या भरभरून नागपुरात यायची. लाल नाही, काळसर लाल. ती बाजारात जाऊन मिरची मोडून पाहायची, बी दाताखाली धरायची, आणि दुकानदाराले सांगायची की ही मागच्या सालची आहे, मले काय पागल समजतं का. मिरची घरी आली म्हणजे आठवडाभर अंगणात वाळवण. मग एके दिवशी सकाळपासून चूल पेटायची, आणि त्या दिवशी घरातल्या कोणी तिच्याशी बोलायचं नाही.

एक एक जिन्नस वेगळा भाजायची. जवसाच्या तेलाचं बोट कढईले लावायचं आणि धने. ते काढले की खोबरं. मग खसखस. मग दगडफूल, जे दिसायले झाडाच्या सालीवरच्या बुरशीसारखं दिसतं आणि भाजलं की साऱ्या घराचा वास बदलून टाकतं. लवंग, कलमी म्हणजे दालचिनी, काळी विलायची, तेजपान, शहाजिरं. सगळं एकदम कढईत टाकलं तर काय होते, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, तुमी काठाचं सूत आन् अंगाचं सूत एकदमच ताण्यात घालता का? मग पाटा मांडायचा आणि वरवंटा घ्यायचा. पाट्यापुढे ती बसली की पाठीचा धनुष्यासारखा बाक व्हायचा, आणि केस सुटून कपाळाले चिकटायचे, ते ती मनगटानं मागे सारायची, कारण बोटं तर लाल.

त्या दिवसांत सुतालेसुद्धा मसाल्याचा वास लागायचा. एकदा इतवारीच्या व्यापाऱ्यानं माझं लुगडं नाकाले लावून विचारलं, "हे विणलं का फोडणीत टाकलं?" ते मी घरी येऊन सांगितलं तर तिले राग नाही आला. उलट फुगून बसली. दोन दिवस गल्लीतल्या बायांले तेच सांगत फिरली.

असं आमचं होतं. मग पोराचं लग्न झालं.

पोरगा माग सोडून कापडाच्या गिरणीत लागला होता. गिरणीचा भोंगा होता. पहाटेचा भोंगा झाला की फाटकाच्या आत पाहिजे, नाहीतर फाटक बंद आणि त्या दिवसाचा रोज गेला. सूनही गिरणीच्या चाळीतलीच. तिचा बाप तिथंच, भाऊ तिथंच. तिले लहानपणापासून भोंग्यावर उठायची सवय. हाताची चपळ होती, तोंडाची त्याहून. लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत एक कागदाची पुडी घरात आली. तयार मसाला. इतवारीतल्या एका किराणावाल्यानं यंत्रावर दळायले घेतला होता, आणि पुडीत बांधून विकत होता. वर शाईनं छापलेली एक बाई, तिच्या हातात वाटी.

माझ्या बायकोनं पुडी फोडली, चिमूटभर तळहातावर घेतला, हुंगला, आणि उरलेला पुडीत परत टाकला.

"काय वं, हा मसाला आहे का भुसा?"

"भुसाच समजा, आत्याबाई. भोंगा होते तवा भुसाच कामी येते."

"भोंग्याच्या आधी काय लोक जेवत नव्हते?"

"जेवत होते ना. पण उठून पाटा धुवा, मसाला वाटा, मंग फोडणी, मंग डबा. तवरक फाटक बंद. ते काय तुमच्या मसाल्यासाठी फाटक उघडं ठेवते का?"

मी मागावर बसून ऐकत होतो. मले वाटलं, आता भांडण पेटणार. पण बायको हसली. म्हणाली, "लय बोलते ही. चांगलं आहे. गरीब सून आली असती तं मी खाऊन टाकली असती."

तरी ती स्वतःचं सोडणारी नव्हती. काही दिवस एका चुलीवर दोन गंज, म्हणजे पातेली, चढायचे. एकात सुनेची पुडी, एकात हिचा पाट्याचा मसाला. पोरगा मध्ये बसायचा. कोणता वाढू, असं दोघी एकदम विचारायच्या. तो कोणताही म्हणाला तरी मरणारच होता. शेवटी त्यानं दोन्ही एकाच ताटात कालवून खाल्ले आणि दोघींच्याही शिव्या खाल्ल्या.

मले मात्र पुडीचा राग होता, आणि तो नुसत्या चवीचा नव्हता. पुडी मले गिरणीच्या लुगड्यासारखी वाटायची. गिरणीचं लुगडंही असंच आलं होतं. स्वस्त, तयार, दिसायले बरं. लोक म्हणाले, काय वाईट आहे? आणि आमच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले. मी एके दिवशी जेवताना हे बोललो. म्हटलं, या पुडीनं बायांचे हात मोडणार, जसे आमचे मोडले.

सून वाढत होती. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "मामाजी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुमच्या अंगावरचं धोतर कोणत्या मागावर विणलं?"

धोतर गिरणीचंच होतं. आमच्यात धोतर कोण विणणार, आम्ही लुगडीवाले. पण आता हे तिले सांगण्यात काही अर्थ नव्हता. माझी बायको पदर तोंडाले लावून हसली, मग पदर काढून हसली, मग पाणी प्यायले गेली आणि तिकडे हसत राहिली. मी जेवण टाकून उठलो. संध्याकाळी तिनं मले माझ्या आवडीची बेसनाची पाटोडी केली, रस्स्याले तेलाची लाल तर्री आणून, आणि ताट पुढे ठेवत म्हणाली, "घ्या. हा गिरणीचा नाही."

हे चांगले दिवस होते. ते तेव्हा समजत नाही, हे सगळेच सांगतात. मले तेव्हाही थोडं समजत होतं. पण समजून काय करता? मागावरून उठून नाचायचं का?

मग ती आजारी पडली. आधी नुसतं पोट दुखायचं. ती कोणाले सांगायची नाही, पोटाले गाठोडं बांधावं तसा पदर घट्ट बांधून काम करायची. मग अंगात ताप राहायले लागला, आणि मग जेवण सुटलं. जर्मनच्या लढाईचे दिवस, औषध मिळायचं ते कमीच. पोरानं टांगा करून धंतोलीहून डॉक्टर आणला. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, बाहेर आला आणि पोराशी इंग्रजी मिसळून काही बोलला. मी म्हटलं, मले मराठीत सांगा. तो म्हणाला, हलकं खायले द्या, आणि ज्यात त्यांचं मन असेल ते द्या.

हलकं हा शब्द माझ्या कानात शिरलाच नाही. ज्यात मन असेल ते, एवढं शिरलं.

त्या वर्षी मसाला झाला नव्हता. मिरची येऊन अंगणात वाळून पडली होती, बाकी जिन्नस फडताळात बांधून होते, आणि करणारी बाजेवर. मागच्या वर्षीचा तळाले लागून संपला होता. म्हणून सारं जेवण पुडीचं. सून वाटीत रस्सा घेऊन यायची, भाकर कुस्करायची, घास तिच्या तोंडाशी न्यायची. ही तोंड फिरवायची. भिंतीकडे. मी ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, पाहा, मरायले टेकली तरी पुडी तोंडात जाऊ देत नाही. एक दिवस मोठ्यानं म्हणालो. सुनेले म्हणालो, ती पुडी काढ या घरातून, तिच्यापायी माणूस उपाशी मरून राहिलं. सून उठली. वाटी घेऊन आत गेली, आणि तिथं तिनं ती स्वतःच बसून खाल्ली का फेकली, मले माहीत नाही.

मसाला करायचा तर कोण करणार? सुनेले दिवस गेले होते. मिरचीचा धूर नाकाशी आला की ती अंगणात पळायची आणि ओकायची. गल्लीतल्या कोणा बाईले बोलवावं, तर माझी बायको म्हणाली, "तिच्या हातचा कराचा तं पुडी काय वाईट?" म्हणून मी म्हटलं, मी करतो.

"तुमी?"

"हो, मी. तू बाजेवरून सांग."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आधी हात धुवा. सुताची घाण घेऊन माह्या कढईले लागू नका."

सुनेले सकाळीच शेजारी पाठवलं. पोरगा भोंग्यावर गेला. मी चूल अंगणात मांडली, म्हणजे धूर बाजेपर्यंत जाणार नाही. आणि पहिल्याच घाण्यात चूक केली. तिनं सांगितलं, तेलाचं बोट लावा. मी आत गेलो, तेलाचा कटोरा आणला, बोट लावलं आणि कढई तापायले ठेवली. धूर निघाला तसा बाजेवरून आवाज आला.

"हे कोणतं तेल घातलं जी?"

"जवसाचं."

"कुठून आणलं?"

मी कटोऱ्याकडे पाहिलं. तो चुलीजवळचा कटोरा नव्हता. धोट्याले आणि मागाच्या खुंट्यांले लावायचं तेल असतं, तो कटोरा होता. माझा हात जन्मभर त्याच कोनाड्यात जातो, आपोआप तिकडेच गेला. जुनं, खवट, त्यात सुताचे तुसे.

"मागाचं," मी म्हटलं.

ती हसली. किती दिवसांनी हसली ते मी मोजलं नाही. पोट धरून हसली, दुखलं तशी कळवळली, तरी हसत होती. "म्हणजे आता रस्सा खाऊन माणसाच्या पोटात धोटा चालणार," ती म्हणाली. "घासा ती कढई. राखेनं घासा. दोनदा."

मी कढई घासत होतो तेव्हा कुडाच्या वरून शेजारच्या म्हाताऱ्याचं डोकं दिसलं. तोही विणकर, माझ्या बरोबरीचा.

"काय गा बुढ्या, बुढीची नोकरी धरली का?"

"हो. तुले जागा पाहिजे का?"

"पगार काय देते?"

बाजेवरून ती ओरडली, ओरडली म्हणजे तिच्यात होता तेवढा आवाज काढला, "शिव्या देते! भरपूर!"

म्हातारा हसला आणि डोकं खाली गेलं. मग त्याची बायको आली, ओसरीच्या पायरीवर बसली, माझ्या बायकोचा पाय दाबत राहिली.

मग ते धने झाले, जे मी सुरुवातीले सांगितले. मग खोबरं. खोबऱ्याचं तिनं वासावर सांगितलं. अजून, अजून, आता बस. खसखशीले सांगितलं, नजर काढू नका, ती डोळा चुकला की जळते. दगडफूल टाकलं. मी वळून पाहिलं. ती डोळे मिटून होती. नाकपुड्या हलत होत्या. मले वाटलं, भूक लागून राहिली. मी खरंच तसं समजलो, आणि माझा हात भराभर चालायले लागला.

मिरची शेवटी, सगळ्यात दूर, परसात नेऊन भाजली. शेजारच्या दोन घरातले लोक खोकत बाहेर आले. कोणी शिवी दिली नाही. कोणाच्या घरचा मसाला आहे हे सगळ्यांले माहीत होतं, आणि ती बाजेवर आहे हेही.

वाटायले बसलो तेव्हा समजलं, बायकांच्या पाठी काहून दुखतात. मागावर पाय चालतात, हात चालतात, पाठ सरळ राहते. पाट्यावर सगळं पाठीवर येतं. मसाला वरवंट्याखालून निसटत होता. ती म्हणाली, पाणी शिंपडा, थोडं, थोडं म्हटलं ना, आता काय आंघोळ घालता. मधात मी कपाळाचा घाम पुसला आणि बोट डोळ्याले लागलं. ती म्हणाली, "डोळ्याले हात लावू नका."

"आता सांगतं?"

"मले काय माहीत तुमी एवढे शहाणे आहा."

शेजारच्या म्हाताऱ्याच्या बायकोनं माझ्या डोळ्यावर पाणी मारलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, मी वाटत होतो. त्या दिवशी मी रडलो की नाही, हे कोणी विचारलं तर मले सांगता येणार नाही.

दुपार कलली तेव्हा पाटोडीचा रस्सा उतरला. पाटोड्या जाड झाल्या होत्या, काही तुटल्या होत्या. पण रस्स्यावर तर्री आली होती, आणि वास तोच होता. मी खरं सांगतो, तोच होता. मी वाटीत काढला, तिच्या पाठीमागे उशी लावली, आणि चमचा नाही, बोट बुडवून तिच्या ओठाले लावलं, जसं लहान लेकराले लावतात. तिनं चाटलं.

मी वाट पाहत होतो.

"चांगला झाला," ती म्हणाली.

आमच्या लग्नापासून ती कोणत्याही जेवणाले नुसतं चांगलं म्हणाली नव्हती. सख्ख्या आईच्या हातचं असलं तरी मीठ कमी आहे म्हणायची. स्वतः केलेल्यालेही नावं ठेवायची, स्वतःच्या मसाल्याले तर सगळ्यात जास्त. आणि मी, ज्यानं जन्मात कढई धरली नाही, त्याच्या हातच्या रस्स्याले ही चांगलं म्हणून राहिली.

"मीठ?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

मी मीठ घातलंच नव्हतं. मुद्दाम नाही, विसरलो होतो, आणि ते मले त्या क्षणी आठवलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिले समजलं. मग ती हळू बोलली, आत सून आली असेल तर ऐकू जाऊ नये अशी. "मले चवच लागत नाही जी. कधीपासून. तुमचीबी नाही, पुडीचीबी नाही. तोंड नुसतं माती झालं. पोरीले बोल लावू नका. तिच्या पुडीचं काही चुकलं नव्हतं."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय? तुमी मसाला केला असता का मंग?" ती थोडी थांबली. "मले पाहाचं होतं."

वाटी माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली.

संध्याकाळी पोरगा आला, सून आली. दोघांनी माझा रस्सा मीठ टाकून खाल्ला. सुनेच्या कपाळाले घाम, नाकातून पाणी, तरी मागून मागून घेतला. ओकली नाही. मग मी तिले आत बोलावून सांगितलं की आत्याबाईच्या जेवणाचा आणि तुझ्या पुडीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "मले माहीत होतं, मामाजी. मी एक दिवस फोडणी न देता नुसतं वरण दिलं होतं. तेबी नाही खाल्लं." एवढंच म्हणाली. धोतराचं काही बोलली नाही.

दिवा लागायच्या वेळेले बाजेवरून हाक आली. माझ्यासाठी नव्हती.

"पोरी, ज्वारीच्या कण्या आहे का घरात?"

"आहे."

"पातळ कर. ताक घालून. काही नको त्यात."

सुनेनं कण्या शिजवल्या, ताटलीत पातळ केल्या, ताक घातलं, आणि तिच्या जवळ बसून भरवल्या. ती जेवली. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. घास तोंडात घोळवत, थांबत, गिळत. मसाल्याचा कण नव्हता त्यात, ना पाट्याचा ना पुडीचा. मी भिंतीले टेकून बसलो होतो. मले बरं वाटलं, आणि आतून काही तरी दुखलंही, की मी दिवसभर जे केलं ते नको आणि हे पाहिजे. पण ती जेवत होती. मग तिनं हात वर केला, बस.

"अर्धं राहिलं, आत्याबाई."

"झाकून ठेव. सकाळी खाईन."

सकाळी ती नव्हती. पहाटेच्या भोंग्याले पोरगा उठला, तिच्याजवळ गेला, आणि त्या दिवशी तो गिरणीत गेला नाही.

मग माणसं आली. बाया आल्या. तिले आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. ते माझ्याच हातचं होतं. कपाळभर कुंकू लावलं. जी ती म्हणायची, भाग्याची बाई, नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेली. मी ऐकत होतो. भाग्य तिचं असेल. माझं काय आहे, ते कोणी बोललं नाही.

माझी मोठी बहीण पाचपावलीहून आली आणि तिनं घर हातात घेतलं. घरात मयत झालं की शिजलेलं अन्न टाकून द्यायचं, भरलेलं पाणी ओतून द्यायचं, ही आमची रीत. तिनं माठ उलटे केले. कालच्या रस्स्याचा गंज नालीवर रिकामा केला. मग मसाल्याचं भांडं हातात धरून उभी राहिली.

"हा भाजलेला आहे. भाजलेला म्हणजे शिजलेलाच न?" तिनं बायांले विचारलं.

कोणी म्हणाली, हो, शिजलेलाच. कोणी म्हणाली, पाणी लागलं आहे, म्हणजे तर नक्कीच. एक म्हणाली, मसाल्याले काही लागत नाही, वर्षभराचा असतो तो. सून मधात आली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, "नका टाकू आत्या. तो मामाजीनं केला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टाका," मी म्हटलं.

टाकला. बहिणीनं तो परसात खड्डा करून पुरला, कारण वाऱ्यावर उडाला असता तर मातीले आलेल्या माणसांच्या डोळ्यात गेला असता. मग ती आत आली आणि बाजेखालची ताटली उचलली. वर दुसरी ताटली झाकलेली होती. तिनं झाकण काढून पाहिलं.

"हे काय आहे?"

"कण्या," सून म्हणाली.

बहीण दाराकडे निघाली. मी उठलो आणि तिच्या हातातून ताटली घेतली.

"काय करतं गा? उष्टं आहे ते!"

"माहीत आहे."

"मयताच्या घरचं अन्न! अजून अग्नी द्याचा आहे तुले! येडं लागलं का?"

आमच्यात नवरा जेवून उठला की बायको त्याच ताटात वाढून घेते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती माझ्या उष्ट्या ताटात जेवली. मी उरवलेली भाकर, मी बोटानं बाजूले सारलेली मिरची, सगळं. तिच्या ताटात मी कधी जेवलो नव्हतो. तसं जेवायचं असतं, असं आम्हाले कोणी शिकवलं नव्हतं.

मी जमिनीवर बसलो. ती पलीकडे झोपवलेली होती, हिरव्या लुगड्यात. बहीण म्हणाली, देवा रे, आणि तोंड फिरवलं. कण्या रात्रीतून गोठून घट्ट झाल्या होत्या, ताक आंबट झालं होतं. मी बोटानं कालवलं आणि खायले लागलो. मीठ नव्हतं. सून उठून मीठ आणायले गेली, मी हातानं नको म्हटलं.

सगळं खाल्लं. ताटली बोटानं पुसून खाल्ली. मग बाहेर माणसं बांबू बांधून राहिली होती, तिकडे गेलो.